चार बोटं जास्त

सालोमीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा सोहळा, कोरोनामुळे दोन वर्षं लांबलं आणि दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत एकदाचं झालं. त्या वर्षी वसईजवळच्या वटार गावातल्या पोरींचे पांढरे झगे बाजारातून आणावे लागले. कारण ते शिवणारी आल्बिना, म्हणजे सालोमीची आजी, जानेवारीत मशीनवर बसल्या बसल्या उजवीकडे कलली ती परत सरळ झाली नाही. तिचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला. आवाज अगदीच गेला असं नाही, बोलायची. पण पूर्वी खिडकीत उभी राहून तिने हाक मारली की वाडीच्या टोकाला, बावखलाच्या, म्हणजे तिथल्या तळ्याच्या, काठच्या केळीपर्यंत ऐकू जायची. आता पलंगाशी वाकून कान द्यावा लागे.

तिचा नवरा ॲन्सेल्म तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. जन्मभर त्याने घरामागच्या वाडीत केळी आणि मोगरा केला, आणि जन्मभर त्याला वाडीतून घरी आणायचं काम आल्बिनाच्या आवाजाने केलं. चहा झाला की हाक, जेवण झालं की हाक, कोणी पाहुणा आला की हाक, आणि काही झालं नसलं तरी एखादी हाक. ती हाक बंद झाली तेव्हा पहिले काही दिवस ॲन्सेल्म अंधार पडेपर्यंत वाडीतच राहिला. आज घरात कोणी चहा कसा केला नाही, एवढंच त्याच्या मनात येई.

आल्बिनाचा पलंग मागच्या खोलीत खिडकीशी लावला. डावा हात खिडकीकडे आला, कारण तोच हात चालत होता. खिडकीतून सगळी वाडी दिसायची. पण खिडकी पश्चिमेची. दुपार कलली की ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर येई. खिडकीला तिनेच शिवलेले फुलाफुलांचे पडदे होते, खाली लेस लावलेली. ते ओढले की वाडी दिसेनाशी होई आणि खोलीत घुसमट. सोडले की ऊन. आणि ओढायला नाहीतर सोडायला प्रत्येक वेळी माणूस लागे. मुलगा रिचर्ड दिवसभर मुंबईला बँकेत, सून प्रिस्का शाळेवर शिकवायला, सालोमी तिच्या शाळेत, आणि ॲन्सेल्म वाडीत. मग आल्बिना डोळे मिटून पडून राही. तिच्या आयुष्यात तिने दुपारी डोळे कधी मिटलेले नव्हते.

प्रिस्काने तिला एक छोटी पितळेची घंटी आणून दिली.

"वाजवली की बाबांना ऐकू जाईल, आय."

"घंटी देवळात मिस्साला वाजवतात," आल्बिना म्हणाली. "मी काय पलंगावरून मिस्सा म्हणतेय?"

घंटी कपाटात गेली.

पाऊस संपला तेव्हा तिला तपासायला वसईला नेलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत तिने ती वस्तू पाहिली. खिडकीला एकच सरळ कापड, वर नळीवर गुंडाळलेलं, आणि बाजूला लोंबणारी मण्यांची साखळी. डॉक्टर एका हाताने फोन कानाला लावून बोलत होते. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने त्यांनी साखळी ओढली. कापड खाली आलं आणि खोलीतलं ऊन गेलं. डॉक्टरांनी बोलणंसुद्धा थांबवलं नाही.

"मला हे पाहिजे," आल्बिना म्हणाली.

"कोणतं औषध, मावशी?" फोन ठेवून डॉक्टरांनी विचारलं.

"औषध नको. ते." तिने हनुवटीने खिडकी दाखवली.

डॉक्टर हसले. नंतर त्यांनी रिचर्डला बाहेर बोलावलं तेव्हा ते हसत नव्हते. हृदय फार दमलंय, पुढचा पाऊस त्या बघतील असं मी सांगू शकत नाही, म्हणाले. रिचर्डने हे घरी येऊन ॲन्सेल्मला सांगितलं, तेही वाडीत नेऊन, विहिरीच्या कडेला. आल्बिनाला कोणीच काही सांगितलं नाही. त्यावरून तिला सगळं कळलं.

त्या दिवशी रात्री ॲन्सेल्म तिच्या उशाशी बसला.

"आणखी काही पाहिजे का तुला?" त्याने विचारलं. "कुठे जायचंय? कोणाला बोलवायचंय?"

"तो गुंडाळीचा पडदा पाहिजे," ती म्हणाली. "एक तरी गोष्ट मला कोणाला न सांगता करू द्या."

ॲन्सेल्मने मान हलवली. खोलीतून बाहेर येऊन तो रिचर्डला म्हणाला, "पडदा पाहिजे. उद्या."

उद्या काही झालं नाही. त्याला ब्लाइंड म्हणतात, कापड निवडावं लागतं, माप द्यावं लागतं, मग ते बनवतात, हे रिचर्डने चौकशी करून सांगितलं. वसईच्या बाजारात एक दुकान होतं. ते चालवणारा संकेत हा तिशीतला गृहस्थ, राहायला विरारला चंदनसारला, बोलायला गोड. त्याने रिचर्डला कापडाच्या नमुन्यांचं एक जाडजूड पुस्तक दिलं. "एकच पीस आहे, सर. उद्या संध्याकाळी रिटर्न करा हां." ते पुस्तक वटारला आठवडाभर राहिलं. शेजारची लुसीबाय तर चष्मा पुसून दोनदा ते बघायला आली. तिच्या घरी खिडक्यांना गज होते आणि गजांना साड्या होत्या, त्यामुळे तिला घाई नव्हती.

प्रिस्काला क्रीम रंग आवडला. "सगळ्यावर जातो, आय. भिंतीवर, चादरीवर."

"सगळ्यावर जातो म्हणून आमच्या वेळी तो अस्तराला वापरायचो," आल्बिना म्हणाली.

"हा जांभळा बघ," लुसीबाय म्हणाली. "कसा भारी दिसतोय."

"जांभळा उपवासकाळात बघते मी देवळात. चाळीस दिवस पुरे होतो."

"बरं, मग हा पांढरा? चकचकीत आहे."

"पांढरा मयताच्या पेटीला आतून लावतात. तो मला मिळणारच आहे. आत्ता कशाला?"

प्रिस्काने पान उलटलं. लुसीबायने चष्मा पुसला.

आल्बिना रंग बघत नव्हतीच. ती डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात प्रत्येक तुकडा धरून चोळत होती. एक कापड रबरासारखं होतं, त्यातून काहीच दिसत नव्हतं. तिने ते सोडून दिलं. एक जाळीसारखं होतं, त्यातून ऊन तसंच येत होतं. तेही सोडलं. मग तिने ॲन्सेल्मला वाडीत पहिल्या केळीजवळ उभं केलं. सालोमी पुस्तकातला एकेक तुकडा आजीच्या डोळ्यांसमोर धरून उन्हाकडे करू लागली. ॲन्सेल्म उभा. शेवटी एका तुकड्यातून ऊन मऊ झालं आणि माणूस मात्र दिसला.

"दिसतायत का आजोबा?" सालोमीने विचारलं.

"दिसतायत. पाठीत वाकलेत," आल्बिना म्हणाली. "हेच घ्या."

रंग होता वाळायला लागलेल्या केळीच्या पानाचा. पुस्तकात त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. ते कोणी वाचलं नाही.

आता माप. संकेतने फोनवर सांगितलं, "मी येतो ना मापाला, सर. फ्री असतं." रिचर्डने हे आईला सांगितलं. आल्बिनाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की रिचर्डला आपण चौथीत नापास झालो होतो ते आठवलं.

"या गावात माप मी घेते," ती म्हणाली. "पन्नास वर्षांत माझ्याकडून शिवलेला एक झगा परत आला नाही. आणि माझ्या खिडकीचं माप चंदनसारचा माणूस येऊन घेणार?"

मशीनजवळच्या खिळ्यावर तिची पिवळी टेप लोंबत होती, आकडे बोटांनी पुसत आलेले. ॲन्सेल्म स्टुलावर चढला. आल्बिना पलंगावरून सांगू लागली.

"वर घ्या. मध्ये घ्या. खाली घ्या. तीन ठिकाणी."

हे तिचं अगदी बरोबर होतं. घर दगडी, ॲन्सेल्मच्या बापाच्या वेळचं, आणि ज्या गवंड्याने ते बांधलं त्याला सरळ रेषेचं फारसं कौतुक नसावं. खिडकी वर अरुंद होती, खाली एक बोट रुंद होती, आणि मध्ये तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"जास्त कुठे भरते?" आल्बिनाने विचारलं.

"खाली."

"तेच धरा. माणसाचं माप पोटावर घेतात. मानेवर घेऊन झगा शिवला तर घालणार कोण?"

ॲन्सेल्मला हे पटलं. खिडकी म्हणजे माणूस नव्हे, आणि चौकटीच्या आत बसवायची वस्तू जिथे सर्वांत अरुंद तिथल्या मापाची लागते, हे त्याच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. त्याने जन्मात खिडकीच्या आत काही बसवलं नव्हतं.

आल्बिनाने आकडा ऐकला, थोडा वेळ ओठ हलवले आणि आकडा सांगितला. त्यात तिने एक बोट शिवणीचं धरलं. ते तिने बोलून दाखवलं नाही. शिवण धरायची असते हे काय सांगायचं?

ॲन्सेल्म तो आकडा तोंडात घोळवत खोलीतून ओटीवर आला. तिथे रिचर्ड फोन घेऊन उभा होता. खोली आणि ओटी यांच्यामध्ये स्वयंपाकघर लागतं. तिथून जाताना ॲन्सेल्मने त्यात आणखी एक बोट घातलं. केळीला लावायचा टेकू असो की बांधायची दोरी, वाडीत तो कधी नेमकी कापत नसे. जास्त झाली तर तोडता येते, कमी पडली तर घड जमिनीवर. हे त्याने ठरवून केलं असंही नाही. ते आपसूक झालं.

रिचर्डने आकडा ऐकला. तो पूर्ण नव्हता, वर अर्धा-पाव काहीतरी होतं. बँकेतला माणूस, त्याला असले तुकडे आवडत नाहीत. त्याने तो वरच्या पूर्ण आकड्याला नेला. झालं आणखी एक बोट.

"आतला एक्झॅक्ट साइज आहे ना, सर?" फोनवर संकेतने विचारलं. "आत बसायला जेवढं कमी करायचं तेवढं मी करतो. तुम्ही काही कमी-जास्त नका करू."

"एक्झॅक्ट आहे," रिचर्ड म्हणाला.

"साखळी उशीच्या बाजूला," ॲन्सेल्म मागून म्हणाला.

"साखळी डावीकडे हवी," रिचर्डने सांगितलं.

"उशीच्या बाजूला म्हण. त्याला कळेल."

"त्याला आपली उशी कुठे माहीत, बाबा?"

"मग डावीकडे, उशीच्या बाजूला, असं म्हण."

रिचर्डने तसं सांगितलं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, जेवणं आटोपल्यावर, संकेत आला. स्कूटरला लांबलचक खोका आडवा बांधलेला. गल्लीत वळताना तो खोका लुसीबायच्या जास्वंदीत शिरला आणि तिची फांदी घेऊन बाहेर आला. त्यामुळे लुसीबायही मागोमाग आली. खोलीत सगळे जमले. संकेतने चपला बाहेर काढल्या, आल्बिनाला "कशा आहात, मावशी?" म्हणाला, खोका उघडला आणि नळी उचलून खिडकीला लावून पाहिली. मग खाली धरून पाहिली. मग त्याने वळून घरभर नजर फिरवली.

"काका, खिडकी हीच ना?"

"घरात पश्चिमेची एवढीच आहे," ॲन्सेल्म म्हणाला.

संकेतने खिशातून पोलादी टेप काढली. ती चौकटीत इकडून तिकडे लावली. टेप आपोआप खटकन आत गेली आणि सगळे दचकले.

"साइज आउट आहे," तो म्हणाला. "हा आत नाही जाणार. एवढा जास्त आहे." आणि त्याने चार बोटं आडवी धरून दाखवली.

ॲन्सेल्म त्या चार बोटांकडे बघत राहिला. त्यातलं एक त्याला ओळखीचं वाटलं.

"एक माझं असेल," तो म्हणाला. "कमी पडू नये म्हणून."

"मी फक्त राउंड केलं होतं," रिचर्ड म्हणाला.

संकेतने चेहरा गंभीर ठेवला. "म्हणजे दोन. बाकीची दोन?"

सगळ्यांनी पलंगाकडे बघायचं टाळलं. आल्बिना छताकडे बघत होती.

"शिवणीचं एक," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"मावशी, याला शिवण नसते. मशीनवर कापून येतं ते."

"मग उसवणार."

"नाही उसवत."

"बघू," आल्बिना म्हणाली. "आणि उरलेलं एक भिंतीचं. भिंत मी नाही बांधली."

संकेतने डोकं खाजवलं. तो म्हणाला, कापून आणता येईल, पण नळी, कापड, खालची पट्टी, सगळं कारखान्यात न्यावं लागतं. कापणारे कारागीर लग्नांसाठी गावाला गेलेत. परत येणार, मग आधीची कामं, मग हे. "नाताळ होऊन जाईल, सर. जानेवारी पकडा."

जानेवारी पकडायला काय हरकत होती? कोणाचीही नव्हती. तरी रिचर्ड खिडकीबाहेर बघू लागला. ॲन्सेल्मला विहिरीची कड आठवली. आल्बिना अजून छताकडेच बघत होती, पण तिचा डावा हात चादरीवरून उठला होता. खिडकीच्या बाजूला, जिथे साखळी असायला पाहिजे होती तिथे, तो हवेत थोडा वेळ राहिला आणि परत खाली आला.

ॲन्सेल्मने ते पाहिलं.

"आज काय करता येईल ते सांगा," तो संकेतला म्हणाला. "जानेवारीचं नको."

"आज करायचं तर एकच. चौकटीच्या बाहेरून, खोलीतल्या भिंतीवर बसवू. बाहेरून लावायचा तर उलट मोठाच लागतो. पण..." संकेतने खिडकीकडे हात केला. "उजवीकडे आडवी भिंत आहे, तिकडे जागाच नाही. सगळं डावीकडे सरकणार. आणि डावीकडे हे आहे."

डावीकडे, उशीच्या वर, चौकटीला अगदी लागून येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. खाली लाकडी फळी, फळीवर लाल दिवा. ॲन्सेल्म आणि आल्बिनाचं लग्न झालं त्या वर्षी फादर घरी आले होते, गल्ली जमली होती, प्रार्थना झाली होती आणि तसबीर तिथे बसली होती. तेव्हापासून घराला चारदा रंग लागला. दर वेळी रंगारी तसबिरीच्या कडेकडेने ब्रश फिरवून गेले.

"पवित्र हृदय हलवायचं?" लुसीबाय म्हणाली. "ते फादरांनी बसवलेलं आहे."

"फादरना विचारल्याशिवाय नको, बाबा," प्रिस्का म्हणाली.

"माझ्या हातून तर नकोच," संकेत दोन पावलं मागे सरून म्हणाला. "आमच्याकडे देव्हारा हलवायला गुरुजींना बोलावतात. मी ड्रिल मारेन, पण देवाला तुम्ही हात लावा."

आल्बिनाने छतावरची नजर काढून तसबिरीवर नेली.

"दहा महिने मी त्याच्याकडे बघतेय," ती म्हणाली. "तो माझ्याकडे बघतोय. दोघांपैकी कोणीच जागचं हललेलं नाही. माझं तर आता होणार नाही. त्याला जरा सरकायला सांगा."

ॲन्सेल्मने रिचर्डचा फोन घेतला आणि ओटीवर गेला. जन्मात त्याने फादरना आपणहून फोन केला नव्हता. फादर तरुण होते, या गावात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. मागे कसलीतरी मीटिंग चालल्याचा आवाज येत होता.

"फादर, पवित्र हृदय सरकवायचं आहे."

"कुठे नेताय, काका?"

"नेत नाही. तिथेच. चार बोटं बाजूला. आल्बिनाला खिडकीचा पडदा लावायचाय."

ॲन्सेल्मने ओटीवरचा खांब धरला.

"काका, खिळा पक्का बसतो ना भिंतीत? जुन्या भिंतीत माती असते."

"बसतो."

"मग सरकवा. मी रविवारी मिस्सानंतर येतो, प्रार्थना करू. आणि आल्बिनामावशींना सांगा, आमच्या खोलीच्या खिडकीलाही ऊन येतं. कसा निघाला ते कळवा."

ॲन्सेल्म आत आला, मोरीत जाऊन हात धुतले, कपाळापासून खांद्यापर्यंत क्रूसाची खूण केली आणि दिवा, फळी, तसबीर उतरवली. मागे भिंतीवर एक चौकोन होता, पहिल्या रंगाचा, फिकट निळा. लग्नाच्या वर्षी तो रंग त्यानेच वसईहून आणला होता, आणि आल्बिनाने तो नापसंत केला होता. चौकोनाच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी चिकटलेली होती.

"मी म्हणत होते ना," आल्बिना म्हणाली, "तिथे रात्री काहीतरी हलतं. तुम्ही म्हणायचात, दिव्याची सावली."

"किती सरकवायचं?" ॲन्सेल्मने हातोडी घेऊन विचारलं.

"चार बोटं," संकेत म्हणाला.

"पाच घ्या," आल्बिना म्हणाली. "कमी पडायला नको."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ॲन्सेल्मने पाच बोटं मोजली, खिळे ठोकले आणि तसबीर, फळी, दिवा परत लावले.

मग संकेतने भिंतीला ड्रिल लावलं. दगडी भिंतीने त्याला बराच वेळ दाद दिली नाही. लाल माती पलंगावर उडाली, प्रिस्काने सासूच्या तोंडावर ओढणी धरली, लुसीबायने रोझरीची माळ ओढायला घेतली. भोकात गिट्ट्या बसल्या, गिट्ट्यांवर दोन्ही टोकांची क्लिपं बसली, आणि नळी वर चढून खट् आवाज करून जागेवर गेली. साखळी उशीच्या बाजूला लोंबू लागली.

"बघा, मावशी, असं ओढायचं," संकेत साखळी धरून म्हणाला. "पुढची ओढली की खाली, मागची ओढली की..."

"सोडा," आल्बिना म्हणाली.

त्याने सोडली. आल्बिनाने डावा हात वर केला. साखळी हाताला लागायला एक वीत कमी पडत होती. आता सगळे बघत होते, आणि कोणीही ती हातात दिली नाही. ॲन्सेल्म पुढे व्हायला निघाला तर प्रिस्काने त्याची बाही धरली. आल्बिनाने खांदा उशीवरून थोडा उचलला, बोटं लांब केली, आणि साखळीचा शेवटचा मणी तिच्या दोन बोटांत आला. तिने ओढलं. वाळत्या केळीच्या पानासारखं ते कापड सावकाश खाली उतरलं. तिच्या डोळ्यांवरचं ऊन आधी कपाळावर गेलं, मग केसांत, मग गेलंच.

तिने मागची साखळी ओढली आणि पडदा वर नेला. मग खाली. मग वर.

"तुम्ही इथे काय करताय?" मग ती ॲन्सेल्मला म्हणाली. "वाडीत जा."

ॲन्सेल्म वाडीत गेला आणि पहिल्या केळीजवळ उभा राहिला. खिडकीतला पडदा खाली आला. थोड्या वेळाने वर गेला. त्याने हात वर केला. पडदा परत खाली आला. नंतर रिचर्ड त्याला बोलवायला आला तेव्हा तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी फादर आले, प्रार्थना झाली, आणि त्यांनी साखळी दोनदा ओढून पाहिली. तिसऱ्यांदा ओढायच्या आत आल्बिनाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

आठवड्याभरात घराला कळलं की पडदा हा आता आल्बिनाचा आवाज आहे. पूर्ण खाली म्हणजे झोपलेय, कोणी येऊ नका. पूर्ण वर म्हणजे बघतेय, सगळं दिसतंय. अर्ध्यावर आला की ॲन्सेल्मने हातातलं काम टाकायचं आणि घरी यायचं. चहाची वेळ झाली. हे तिने कोणाला समजावून सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी पडदा अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला, तेव्हा ॲन्सेल्म आपण होऊन उठला. इतक्या वर्षांची सवय होती, फक्त आता ती डोळ्यांनी पाळायची होती. चहा मात्र त्यालाच करावा लागे. तो तिच्या पलंगाशी दोन कप घेऊन बसे, आणि साखर जास्त झाली हे ती रोज सांगे.

लुसीबायने एकदा दुपारी येऊन पुतण्याच्या सोयरिकीची हकीकत सुरू केली. ती मुलीच्या मामापर्यंत आली तेव्हा आल्बिनाने साखळी धरली. पडदा हळूहळू पूर्ण खाली आला.

"ऊन लागतंय का तुला?" लुसीबायने विचारलं.

"ऊन नाही," आल्बिना म्हणाली. "मी झोपलेय."

जानेवारीत संकेतचा फोन आला. कारागीर आले होते. पडदा काढून आणून दिला तर कापून, नीट आत बसवून देतो, म्हणाला. चौकटीच्या आत जास्त फिनिशिंग येतं. रिचर्डने फोन आईच्या कानाला लावला.

"आत बसवला की कडेला फट राहते का?" आल्बिनाने विचारलं.

"बोटभर राहते, मावशी, दोन्ही बाजूंना. ती राहणारच."

"म्हणजे उशीकडच्या फटीतून ऊन माझ्या डोळ्यांवर."

"थोडं येऊ शकतं."

"म्हणून तर मी चार बोटं जास्त घेतली होती," आल्बिना म्हणाली आणि फोन परत केला.

ॲन्सेल्म दारात उभा होता. त्याने त्यातलं आपलं एक बोट मागितलं नाही.

फेब्रुवारीत केळीवर घड भरले होते. त्या गुरुवारी तो बावखलाकडच्या रांगेत टेकू लावत होता. मध्येच त्याने वर पाहिलं तर पडदा वरच होता. त्याने आणखी एक टेकू लावला. परत पाहिलं तेव्हा पडदा अर्ध्यावर आलेला होता. त्याने कोयता केळीच्या बुंध्याशी ठेवला, विहिरीवर हातपाय धुतले, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, साखर आज कमी घातली, आणि दोन कप घेऊन आत गेला. साखळी आल्बिनाच्या बोटांत होती. त्याने कप फळीवर लाल दिव्याशेजारी ठेवले आणि तिला हाक मारली. मग तिच्या बोटांतून साखळी सोडवली आणि पडदा पूर्ण खाली केला.

आल्बिना नऊ फेब्रुवारी दोन हजार तेवीस रोजी, गुरुवारी, दुपारी चहाच्या वेळेला वारली.